विमानतळापासून निवासापर्यंत : गोव्यास जाणाऱ्या व्यापारी बंधूंसाठी

आपल्या व्यापारी बंधूंचा विमानप्रवास आता नवलाईचा राहिलेला नाही. हैदराबाद, वडोदरा, इंदूर येथील पेढ्यांवरची तरुण मंडळी सकाळी मुंबईस जाऊन रात्री घरी परततात आणि त्याची वाच्यताही होत नाही. विमानाचे तिकीट काढताना आपण दहा ठिकाणी दर पाहतो, चार तास आधीचे व दोन तास नंतरचे विमान ताडून पाहतो, आणि दोनतीनशे रुपये वाचले तर समाधान मानतो. परंतु विमानतळाच्या दारापासून निवासाच्या दारापर्यंतचा जो अखेरचा टप्पा, त्याचा विचार विमान उतरल्यावर, एका हातात पेटी व दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन, गर्दीत उभ्याने केला जातो. माल खरेदी करताना जो व्यापारी वजन, वाण, वटाव आणि उधारीची मुदत लिहून घेतल्याशिवाय सौदा पुरा करीत नाही, तोच येथे "चला, किती घेणार?" एवढ्या दोन शब्दांवर कुटुंबासह अनोळखी मोटारीत बसतो. हा विरोधाभास आम्हांस बरेच दिवस खटकत आहे.

हा टप्पा पूर्वी एवढा महत्त्वाचा नव्हता, कारण विमानतळ गावाच्या अंगणातच असत. हैदराबादचे बेगमपेठ विमानतळ शहराच्या पोटात होते. मार्च २००८ मध्ये शमशाबादचे नवे विमानतळ सुरू झाले, आणि मग शहरात पोहोचण्यासाठी मेहदीपट्टणमपर्यंत साडेअकरा किलोमीटरांहून अधिक लांबीचा उन्नत मार्ग बांधावा लागला. तो ऑक्टोबर २००९ मध्ये खुला झाला. बंगळूरचे विमानतळही त्याच वर्षी, म्हणजे २००८ साली, देवनहळ्ळीस गेले. विमाने मोठी झाली, धावपट्ट्यांना जागा लागू लागली, आणि प्रवाशाच्या वाट्यास मोटारीचा एक तास आला. बेळगावकर बंधू या बाबतीत भाग्यवान. त्यांचे सांबरे विमानतळ शहरापासून दहाएक किलोमीटरांवरच आहे. पण हेच बेळगावकर गोव्यास विमानाने येणाऱ्या पाहुण्यास घ्यावयास निघतात, तेव्हा त्यांच्यापुढेही तोच प्रश्न उभा राहतो, आणि गोव्याच्या बाबतीत तर तो दुहेरी आहे.

गोव्यास आज दोन विमानतळ आहेत, आणि सर्व घोटाळ्याचे मूळ तेथे आहे. दाबोळीचे विमानतळ जुने, पोर्तुगीज अमदानीतले. १९५५ साली स्थापन झालेली पोर्तुगीज हिंदची विमानसेवा तेथून दमण, दीव व कराचीकडे उड्डाणे करीत असे. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय विमानदलाने याच धावपट्टीवर बाँब टाकले आणि दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. पुढे ही जागा नौदलाकडे आली, आणि नागरी विमानांची सोय तिच्या एका बाजूस झाली. सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखून ठेवण्याची पद्धत त्यातूनच पडली. दुसरे विमानतळ मोपा येथे, पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या पठारावर. मनोहर पर्रीकरांचे नाव दिलेल्या या विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले व ५ जानेवारी २०२३ पासून तेथे प्रवासी विमाने उतरू लागली. दाबोळी बंद झाले नाही. तिकिटावर दोन्हींस 'गोवा' असेच लिहिलेले असते. फरक एका अक्षराचा. दाबोळीची खूण जीओआय, मोपाची जीओएक्स. आणि या दोहोंमधील अंतर रस्त्याने सुमारे साठ किलोमीटर.

हे एक अक्षर किती महाग पडते याचे उदाहरण आमच्या ऐकण्यात आहे. इंदूरकडील एका सदस्याने वृद्ध आईवडिलांसाठी आठ दिवस आधी मोटार ठरविली, भाडे चुकते केले, चालकाचे नाव व गाडीचा क्रमांकही मिळविला. त्यांनी मोटारवाल्यास 'गोवा विमानतळ, संध्याकाळी सात' एवढेच कळविले होते. मंडळी मोप्यास उतरली आणि मोटार दाबोळीस उभी. चालकाने दूरध्वनी केला, "शेठजी, मी दारातच उभा आहे, तुम्ही दिसत नाही." शेठजी इकडे सांगतात, "आम्हीही दारातच आहोत." असे दोन दारांचे संभाषण दहा मिनिटे चालले! शेवटी चूक उमगली तेव्हा चालकास तिकडून यावयास दीड तास लागला असता, म्हणून दुसरी मोटार करावी लागली आणि पहिल्याचे भाडे बुडाले. वडिलांना मधुमेह असल्याने रात्री उशिरापर्यंत उपाशी राहणे त्यांस सोसले नाही, हे त्या सदस्यास भाड्याहून अधिक लागले. मोटारवाल्यास दोष देता येत नाही. त्यास जे सांगितले ते त्याने केले.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, मोटार ठरविताना वेळ सांगू नये, विमानाचा क्रमांक सांगावा. क्रमांकात सर्व काही येते: कोणते विमानतळ, कोणते गाव, किती वाजता. शिवाय विमान उशिरा निघाले तर चालक आपल्या मोबाईलवर ते पाहू शकतो. 'सात वाजता' एवढेच सांगितले आणि विमान नऊला उतरले, तर मधल्या दोन तासांची थांबणावळ कोणी द्यावयाची, यावरून दारातच वाद होतो. थांबण्याची मोफत मुदत किती आणि ती विमानाच्या ठरलेल्या वेळेपासून मोजावयाची की प्रत्यक्ष उतरल्यापासून, हे विचारून घेण्यास अर्धे मिनिट लागते. विमान टेकल्यापासून पट्ट्यावरचे सामान हाती येऊन बाहेर पडेपर्यंत देशांतर्गत प्रवासातही अर्धा-पाऊण तास सहज जातो, हेही ध्यानी धरावे.

दुसरी गोष्ट मोटारीच्या आकाराची. येथे आपली मंडळी माणसे मोजतात, पेट्या मोजीत नाहीत. 'चौघांची गाडी' म्हणजे चार माणसे बसतील एवढाच अर्थ. टॅक्सीत वायूची टाकी बसविलेली असली तर ती मागील सामानाच्या कप्प्यातच असते, आणि उरलेल्या जागेत एक पेटी कशीबशी मावते. बाकीच्या टपावर जातात किंवा मांडीवर येतात. सात आसनांच्या मोटारीचे गणित याहून फसवे आहे. मागची रांग उघडून सातवा माणूस बसविला की सामानाला जागाच उरत नाही. सहा माणसे व सहा पेट्या असतील तर दोन मोटारी कराव्यात अथवा टपावर वाहक असलेली मोठी मोटार मागावी. पावसाळ्यात, आणि गोव्याचा पावसाळा काय असतो हे बेळगावकरांस सांगावयास नको, टपावरील सामानावर ताडपत्री आहे काय हे विचारण्यात कमीपणा नाही. नमुन्याच्या कापडाचे गाठोडे भिजल्यावर ग्राहकास काय दाखविणार?

मोपा ते पणजी हे अंतर सुमारे पस्तीस किलोमीटर. जोडरस्त्याने धारगळपाशी हमरस्त्यास लागावयाचे, कोलवाळचा पूल ओलांडून म्हापसा बाजूस ठेवावयाचे, आणि पर्वरीहून मांडवीवर उतरावयाचे. दाबोळीहून पणजी तीस किलोमीटरांच्या आत; चिखलीहून कुठ्ठाळी, तेथून जुवारी नदी ओलांडून आगशी, बांबोळी, आणि मग शहर. दोन्हीकडून साधारण एक तास धरावा. मात्र मडगावास ज्याला जावयाचे त्याने मोप्याचे तिकीट स्वस्त दिसते म्हणून भुलू नये. दाबोळीहून मडगाव पंचवीसएक किलोमीटर. मोप्याहून ते त्याच्या दुपटीहून बरेच अधिक. तिकिटात वाचलेली रक्कम मोटारीच्या भाड्यात जाते आणि वर दीड-दोन तास जातात ते वेगळेच. तिकीट व मोटार यांची बेरीज करून मगच विमान निवडावे. वडोदरा, इंदूरच्या मंडळींना हा हिशेब आम्ही दरवर्षी तोंडी सांगतो. यंदा छापून ठेवीत आहोत.

गोव्याच्या वाटेवर नद्या आहेत, आणि नद्यांवरील पुलांनी येथील वाहतुकीचे दिवस ठरविले आहेत. पणजीजवळील मांडवीवरचा पहिला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, आणि नवा पूल १९९२ साली होईपर्यंत लोकांस होडीच्या फेऱ्यांवर विसंबावे लागले. त्या काळी गोव्यास माल पाठविणाऱ्या जुन्या मंडळींना फेरीबोटीच्या रांगेत उभे असलेले आपले ट्रक अजून आठवत असतील. मांडवीवरील तिसरा, तारांनी तोललेला अटल सेतू जानेवारी २०१९ मध्ये खुला झाला. जुवारीवरील जुन्या पुलाची कोंडी तर इतकी प्रसिद्ध होती की, मडगावकर मंडळी पणजीच्या भेटीची वेळ ठरविताना 'पूल मोकळा असला तर' असे म्हणत. तेथील नव्या पुलाचा एक भाग डिसेंबर २०२२ मध्ये व दुसरा त्यापुढील वर्षाच्या डिसेंबरात सुरू झाला, आणि दाबोळीचा रस्ता निम्मा सुकर झाला. पर्वरीस उन्नत मार्गाचे काम २०२४ साली हाती घेतले गेले तेव्हा मोप्याहून येणाऱ्यांची तेथे पुष्कळ खोटी झाली. रस्त्याचे काम कोठे चालू आहे हे निघण्याच्या दिवशी चालकासच विचारावे. त्याच्याइतकी ताजी खबर नकाशात नसते.

आता भाडे. आम्ही येथे आकडा देत नाही. दर हंगामानुसार बदलतात. परंतु भाडे अधिक वाटते याचे कारण व्यापाऱ्यास सांगितले की ते त्यास चटकन पटते. तुम्हांस पणजीस सोडून मोटार मोप्यास परत जाते ती बहुधा रिकामी. गोव्यात कोणत्या ठाण्याच्या टॅक्सीने कोठून प्रवासी घ्यावा याविषयी टॅक्सीवाल्यांत परंपरेने वाटणी आहे. दाबोळीच्या चालकाने किनाऱ्यावरील हॉटेलाच्या दारातून प्रवासी उचलला तर तेथील टॅक्सीवाले हरकत घेतात. म्हणून तुम्ही देता ते एका फेरीचे भाडे नसून दीड-दोन फेऱ्यांचे असते. रिकामी गाडी परत येण्याचा भुर्दंड मालवाहतुकीत आपण सारे सोसतोच. यावरून आम्हांस वाटते की, ठरलेल्या भाड्यात उतरल्यावर पुन्हा घासाघीस करणे बरे नव्हे. तसेच ठरलेल्याहून एक रुपया अधिक देण्याचेही कारण नाही. मात्र दोन्ही गोष्टी साधावयाच्या तर भाडे आधी, आणि लेखी, ठरले पाहिजे.

गोव्यातील टॅक्सीचा प्रश्न वृत्तपत्रांतून आपण वाचत आलो आहोत. मीटर असावे की नसावे, ॲपवरून टॅक्सी मागवू द्यावी की नाही, यावरून तेथे अनेक वर्षे झगडा चालला. २०१८ साली राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या सहकार्याने गोवामाईल्स ही ॲपवरील सेवा सुरू झाली. तिला स्थानिक टॅक्सीधारकांनी कडवा विरोध केला व ऑगस्ट २०१९ मध्ये गाड्या बंद ठेवल्या. त्याआधी जानेवारी २०१८ मध्येही तीन दिवसांचा संप झाला होता. प्रवाशाची बाजू आपण जाणतोच; परंतु कर्ज काढून एक गाडी घेतलेल्या, पावसाळ्याचे चार महिने हात बांधून बसणाऱ्या माणसाची बाजूही व्यापाऱ्यास समजावी. उद्या आपल्या बाजारपेठेच्या तोंडाशी कोणी परगावचा मोठा भांडवलवाला अर्ध्या दरात माल विकू लागला तर आपणही शांत बसणार नाही. न्याय कोणाच्या बाजूस आहे हा निवाडा या अंकाचे काम नव्हे. आपणास एवढेच पाहावयाचे की, संपाच्या दिवशी वृद्ध माणसे विमानतळावर अडकू नयेत. त्यासाठी कदंब महामंडळाच्या बसची वेळ टिपून ठेवावी. दोन्ही विमानतळांवरून ती पणजीस जाते, भाडे टॅक्सीच्या मानाने अगदी थोडे, आणि एकट्यादुकट्या तरुण प्रवाशास आम्ही एरवीही तीच सुचवू. विमानतळावरच पैसे भरून पावती घेण्याची खिडकीही असते. आधी काही ठरविले नसेल तर बाहेर ओरडणाऱ्याच्या मागे न जाता तेथे जावे.

एक गंमत सांगितली पाहिजे. गोव्यात भाड्याने मोटारसायकलवरून नेणाऱ्यास 'पायलट' म्हणतात. विमानाच्या पायलटाने खाली उतरविले की दुसरा पायलट वाट पाहत असतो! एका माणसास, सामान नसता, गावातल्या गावात जावयाचे असेल तर हा दुचाकी पायलट उत्तम. पेटी घेऊन त्याच्यामागे बसण्याचा प्रयोग मात्र आमच्या मंडळींनी करू नये.

गाडी आली की तीत बसण्यापूर्वी क्रमांकपट्टी पाहावी. पिवळ्या पट्टीवर काळी अक्षरे म्हणजे भाड्याने प्रवासी नेण्याचा परवाना असलेले वाहन. विजेवर चालणारे असेल तर हिरव्या पट्टीवर पिवळी अक्षरे. काळ्या पट्टीवर पिवळी अक्षरे असलेली गाडी आपण स्वतः चालविण्यासाठी भाड्याने मिळते. पांढऱ्या पट्टीवर काळी अक्षरे म्हणजे खाजगी मोटार. तिने भाडे घेऊन प्रवासी नेणे नियमात बसत नाही, आणि अपघात घडला तर विमा कंपनीशी वाद उद्भवण्याचा संभव असतो. दोनशे रुपये वाचविण्यासाठी तीत कुटुंबास बसविणारा मनुष्य स्वतःच्या दुकानाचा विमा मात्र न चुकता भरतो, हे पाहून आश्चर्य वाटते. कळविलेला क्रमांक व समोरची गाडी यांचा मेळ बसत नसेल तर बसू नये, मग चालक कितीही गोड बोलो. भगिनी एकट्या प्रवास करीत असतील तेव्हा हे विशेष. अडचणीच्या वेळी ११२ हा क्रमांक फिरवावा.

पैशाच्या फसवणुकीचा एक नवा प्रकार बोकाळला आहे. मोबाईलवर हॉटेलचे नाव शोधले की प्रथम जो क्रमांक दिसतो तो हॉटेलचाच असेल असे नाही. तिकडून अदबीने बोलणारा मनुष्य मोटारीची व्यवस्था करण्याचे मान्य करतो, आगाऊ रक्कम मागतो, आणि ती मिळताच क्रमांक बंद होतो. हॉटेलमार्फत मोटार मागवावयाची तर खोलीच्या आरक्षणाच्या पत्रात दिलेल्या क्रमांकावरच बोलावे, आणि आगाऊ रक्कम थोडीच द्यावी. पैसे गेलेच तर १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. जितकी लवकर तक्रार, तितका रक्कम गोठविली जाण्याचा संभव अधिक.

पेढीच्या खर्चात ही रक्कम घालणाऱ्यांनी पावती व्यवस्थित घ्यावी. पेढीचे नाव व जीएसटी क्रमांक आधी द्यावा. परंतु तेरापर्यंत आसने असलेल्या मोटारीच्या भाड्यावरील कराची वजावट कायद्याने सामान्यतः मिळत नाही. ती मिळेल असे धरून कोणी हिशेब करू नये. शंका असल्यास आपल्या हिशेबतपासनिसांस विचारावे.

कळवावयाचा मजकूर कसा असावा असे अनेकजण विचारतात. आम्ही तो साधारण असा लिहितो: "आम्ही चौघे, त्यांत एक वृद्ध गृहस्थ चाकांच्या खुर्चीवर, मोठ्या पेट्या तीन, लहान दोन. अमुक तारखेस अमुक क्रमांकाच्या विमानाने मोपा विमानतळावर, दाबोळी नव्हे, उतरू. पणजीत १८ जून रस्त्यावरील अमुक हॉटेलास जावयाचे आहे. भाडे इतके ठरले. त्यात वाहनतळाचे शुल्क, टोल व रात्रीचा आकार धरलेला आहे किंवा कसे ते कळवावे. विमान उतरल्यापासून एक तास थांबण्याचा आकार नाही असे ठरले आहे. चालकाचे नाव, मोबाईल व गाडीचा क्रमांक आदल्या संध्याकाळी पाठवावा." एवढे पाठवून समोरून 'मान्य' असे उत्तर आले की सौदा झाला. हॉटेलचे नाव लिहिताना भागही लिहावा. 'पणजी' म्हणून जाहिरात केलेले हॉटेल कधी पर्वरीस, म्हणजे नदीच्या अलीकडे, कधी दोनापावलास असते. फोंतेन्यासच्या जुन्या वस्तीतील गल्ल्या अरुंद आहेत. तेथे उतरणाऱ्यांनी मोठी मोटार दारापर्यंत जाते काय हे हॉटेलवाल्यासच विचारावे. चाकांच्या खुर्चीची सोय विमान कंपनीकडे तिकिटाबरोबरच मागावी लागते, आणि खुर्ची ढकलणारा सेवक दाराशी पोहोचवून परततो. मोटार वाहनतळाच्या टोकाशी उभी राहिली तर पुढचे अंतर वृद्धांना चालावे लागते. म्हणून चालकास दाराशी येण्याची सूचना आधीच द्यावी.

सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या मंडळींसाठी वेळेचा आणखी एक हिशेब आहे. डिसेंबरात गोव्यास सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पाचास उतरणाऱ्या विमानाने येणारा मनुष्य पावणेसहापर्यंत मोटारीत बसतो आणि पावणेसातच्या आधी पणजीस पोहोचत नाही. हॉटेलात जैन भोजनाची सोय असूनही ती त्याच्या उपयोगाची नाही. अशा वेळी शिदोरी बरोबर घ्यावी व सामान येईपर्यंतच्या अवधीत विमानतळावरच उरकून घ्यावे, अथवा दुपारी उतरणारे विमान घ्यावे. चालकास वाटेत थांबावयास सांगून मोटारीतच जेवण उरकण्याचा बेत कोणी करतात, पण पर्वरीच्या गर्दीत सूर्य थांबत नाही.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पणजीत चित्रपट महोत्सव असतो, आणि नाताळ ते नववर्ष या आठवड्यात तर साऱ्या गोव्यातच मोटार मिळणे दुरापास्त होते. त्या दिवसांत व्यापारी कामासाठी जाणे टाळता येत नसेल तर मोटार विमानाच्या तिकिटाबरोबरच ठरवावी, आणि परतीचीही त्याच वेळी. परतीस विमानापूर्वी दोन तास विमानतळावर पोहोचावयाचे असे धरले, तर पणजीहून निदान साडेतीन तास आधी निघावे. आणि निघण्यापूर्वी तिकिटावरील ते एक अक्षर, जीओआय की जीओएक्स, चालकास पुन्हा वाचून दाखवावे. जाताना मोप्यास उतरलेल्यांचे परतीचे तिकीट दाबोळीहून असू शकते.